घरात कोणी आहे का?

माणसाला नेमकं काय हवं असतं, हा प्रश्न फार जुना आहे. ऋषिमुनींनी तो अरण्यात बसून सोडवून पाहिला. राजेमहाराजांनी तो लढाया करून सोडवून पाहिला. आम्हा बँकेतल्या कारकुनांना तर तो दिवसातून शंभर वेळा विचारावा लागतो, आणि "काय पाहिजे?" या साध्या प्रश्नाला खिडकीपलीकडून सरळ उत्तर आल्याचा अनुभव गेल्या बावीस वर्षांत मला फारसा नाही. पासबुक भरून घ्यायला आलेला माणूस आधी मुलीच्या लग्नाचं सांगतो. मुदत ठेव मोडायला आलेला माणूस आधी व्याजाचा दर विचारतो, मग माझी तब्येत विचारतो आणि शेवटी ठेव न मोडताच घरी जातो. आपल्याला काय हवंय हे ज्याचं त्यालाच सांगता येत नाही, तिथे ते दुसऱ्याला कुठून कळायचं?

अमेरिकेत मात्र हा प्रश्न सुटलेला आहे, अशी माझी समजूत करून देण्यात आली होती. तिथे म्हणे तो एका डबीत घालून भिंतीवर ठोकलेला असतो. त्या डबीला थर्मोस्टॅट म्हणतात.

माझी ताई आणि भावोजी मिनियापोलिसच्या एका उपनगरात राहतात. मी आईला घेऊन सहा आठवड्यांसाठी त्यांच्याकडे गेलो, तो महिना जानेवारीचा होता. मिनियापोलिसला जानेवारीत कोणी पाहुणा जात नाही. तिथले लोकसुद्धा शक्य असेल तर जानेवारीत तिथे नसतात. पण आईने फार वर्षांपूर्वी शेजाऱ्यांचे काश्मीरचे फोटो बघताना "छान दिसतो हो बर्फ" असं म्हटलं होतं. ते केवळ शेजारधर्म म्हणून म्हटलं होतं. ताईने मात्र ते इच्छापत्रासारखं जपून ठेवलं आणि ऐपत झाल्याबरोबर अमलात आणलं. अशा रीतीने शहात्तर वर्षांची आमची आई, मनात नसलेली इच्छा पूर्ण करायला, उणे वीस अंशांत जाऊन पोचली.

तिथल्या घरांची रचना आधी सांगितली पाहिजे. तळघरात गॅसवर चालणारी एक भट्टी असते. ती हवा तापवते, आणि पत्र्याच्या बोगद्यांतून ती हवा खोल्याखोल्यांत जाऊन जमिनीतल्या जाळीतून वर येते. भट्टीने केव्हा पेटायचं आणि केव्हा थांबायचं, याचा हुकूम भिंतीवरची डबी देते. म्हणजे भट्टी हा हातगाडीवाला आणि डबी हा मुकादम. घराचा मालक या सगळ्यात कुठे बसतो, हे मात्र मला सहा आठवड्यांत नीटसं कळलं नाही.

या मुकादमाचा इतिहास गमतीचा आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर नावाचं गाव आहे. तिथल्या शिक्षकांच्या शाळेत वॉरेन जॉन्सन नावाचे प्राध्यापक होते. वर्ग गरम झालाय की गार पडलाय हे बघायला शाळेचा शिपाई मधूनच वर्गात यायचा, आणि मग तळघरात जाऊन भट्टीची झडप कमीजास्त करायचा. प्राध्यापकांना विद्यार्थी झोपलेले चालतात, पण शिपाई आत आलेला चालत नाही. जॉन्सनसाहेबांनी डोकं चालवून, वर्गातलं तापमान बदललं की खाली तळघरात घंटा वाजेल अशी विजेची युक्ती काढली आणि १८८३ साली तिचं पेटंट घेतलं. दोनच वर्षांनी मिनियापोलिसमध्ये अल्बर्ट बुट्झ या गृहस्थांनी भट्टीची झडप आपोआप उघडेल आणि मिटेल अशी व्यवस्था केली. थोडक्यात, पहिल्या यंत्राने शिपायाला वर्गाबाहेर ठेवलं आणि दुसऱ्याने त्याला कामावरूनच काढलं. यंत्रांच्या प्रगतीत हा क्रम सहसा चुकत नाही. बँकेत संगणक आले तेव्हा आम्हीही तो पाहिला.

पुढे डबीला घड्याळ जोडलं गेलं. १९५३ साली सुप्रसिद्ध गोल डबी आली. तिची कडी फिरवली की काम झालं. नंतर आठवड्याचं वेळापत्रक भरता येईल अशा डब्या आल्या. सोमवारी सकाळी किती, शनिवारी दुपारी किती, सगळं आधी भरून ठेवायचं. कल्पना उत्तम होती. सरकारनेही वीज आणि गॅस वाचेल म्हणून अशा डब्यांवर ऊर्जाबचतीचा शिक्का मारला. पण माणसं ती वेळापत्रकं भरीनात. भरली तरी कंटाळून एकच आकडा कायमचा धरून ठेवू लागली. शेवटी ३१ डिसेंबर २००९ पासून सरकारने तो शिक्का काढून घेतला. आमच्या शाखेत सूचनापेटी काढून टाकली त्याचंही कारण हेच होतं. पेटी चांगली होती, पण लोक लिहीत नव्हते.

आणि इथेच त्या डबीच्या वंशात एक तत्त्वज्ञ जन्माला आला. त्याने विचार केला, की माणसं सांगत नाहीत ना? मग आपण विचारायचंच कशाला? आपणच बघून बघून ओळखू!

अशी ही शिकणारी डबी. आपण तिला पहिले काही दिवस हातांनी फिरवायची. आपण केव्हा उठतो, केव्हा बाहेर जातो, केव्हा झोपतो हे ती ध्यानात ठेवते आणि नंतर न सांगता त्याप्रमाणे वागते. मला हे वर्णन ऐकून वाटलं, ही तर आपल्या कथाकादंबऱ्यांतली आदर्श सून! सासऱ्यांनी खाकरलं की पाण्याचा तांब्या पुढे, पाहुण्यांचा चेहरा बघून चहात साखर. न सांगता ओळखणं याला आपण प्रेमाची परमावधी मानतो. 'मला बोलून दाखवावं लागलं' ही आपल्या संसारातली सर्वांत मोठी तक्रार आहे. तेव्हा अमेरिकेने शंभर-दोनशे डॉलरांत ही सोय भिंतीवर लावून दिली असेल तर आपण नावं ठेवण्याचं कारण नव्हतं.

पण ही सून बिघडली.

रात्री एक वाजता घराचा भुईमुगाच्या शेंगा भाजायचा घमेला व्हायचा आणि दुपारी अकरा वाजता त्याच घरात श्रीखंडाचा चक्का बाहेर ठेवला तरी आंबला नसता. भावोजी स्वतः सॉफ्टवेअरमधले. त्यांनी डबीची बाजू अशी घेतली, जसा बाप नापास मुलाची घेतो. "ती अजून शिकतेय," ते म्हणाले. "किती वर्षं?" असं ताईने विचारलं. डबीला घरात येऊन तीन वर्षं झाली होती.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. मला यंत्रातलं काही कळत नाही, पण हिशेब जुळत नसेल तर काय करायचं हे कळतं. दोन्ही बाजूंच्या नोंदी समोरासमोर ठेवायच्या आणि फरक शोधायचा. मी भाच्याच्या जुन्या वहीत चार रकाने आखले. वेळ, डबीत दाखवलेलं तापमान, डबीला हवं असलेलं तापमान, आणि हा आकडा कोणी लावला. चार दिवस मी त्या नोंदी ठेवल्या. ताई म्हणाली, "अरे, तू सुट्टीवर आला आहेस ना?" पण बाहेर उणे वीस असताना सुट्टीत करण्यासारखं दुसरं होतं तरी काय?

चौथ्या दिवशी फरक सापडू लागले. पहिला फरक तारेचा. डबीमागे भिंतीतून चार तारा येत होत्या. लाल, पांढरी, पिवळी, हिरवी. पाचवी निळी तार भिंतीतच गुंडाळून ठेवलेली होती. ती नसली तर या डबीला स्वतःला जगायला सलग वीज मिळत नाही. मग ती भट्टीकडे जाणाऱ्या तारेतूनच थोडी थोडी वीज चाखत बसते आणि आपली बॅटरी भरते. शेजाऱ्याच्या मीटरवरून दिवा लावण्यातलाच प्रकार. कडाक्याच्या थंडीत कधी ते चाखणं पुरत नाही, बॅटरी उतरते, आणि मुकादम ऐन कामाच्या वेळी डुलकी काढतो. भावोजींनी आधी तळघरातला भट्टीचा स्विच बंद केला आणि मग ती निळी तार दोन्हीकडे नीट जोडली. हे काम पंधरा मिनिटांचं होतं. कंपनीच्या मदतकेंद्राला फोनवर ते सुचायला मात्र दोन तास लागले, कारण पहिला दीड तास ते "डबी बंद करून चालू करा" असंच सांगत होते.

दुसरा फरक वेळापत्रकाचा. घरात एक नव्हे, तीन वेळापत्रकं नांदत होती. एक डबी स्वतः शिकलेली. एक भावोजींनी आपल्या फोनवर भरलेलं. आणि तिसरं भाच्याचं. भाचा ऑगस्टमध्येच दुसऱ्या राज्यातल्या कॉलेजात गेला होता, पण जाण्यापूर्वी त्याने आपल्या खोलीतल्या बोलणाऱ्या डब्याला सांगून ठेवलं होतं, की रात्री एकला मी अभ्यासाला बसतो, घर बहात्तरवर ने. त्यांचं बहात्तर म्हणजे आपलं बावीस. मुलगा गेला, अभ्यास गेला, पण हुकूम जागेवर राहिला. सरकारी कचेऱ्यांतसुद्धा बदलून गेलेल्या साहेबाचे हुकूम असेच चालू असतात.

तिसरा फरक जागेचा. डबी स्वयंपाकघराच्या दाराला लागून होती. शेगडी पेटली, पोळ्यांचा तवा तापला, की डबीला वाटायचं घर उबदार झालं. मग ती भट्टी बंद करायची. घराचं उत्तरेकडचं टोक तेवढ्या वेळात गार पडायचं.

उत्तरेकडच्या टोकाला आईची खोली होती. गुडघ्यांमुळे तिला जिना नको म्हणून ताईने खालची खोली दिली होती. आणि आई हल्ली दिवसातून पाच वेळा चहा करत होती. आम्ही सगळे तिला चिडवत होतो, की अमेरिकेत येऊन तुझा चहा वाढला. माझ्या वहीत ते आकडे शेजारी शेजारी आले तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ती अर्धा चहा मोरीत ओतते. तिला चहा नको होता. तिला शेगडीपाशी उभं राहायचं होतं आणि गरम कप दोन्ही हातांत धरायचा होता. आणि ती ऊब घ्यायला शेगडी पेटवायची तेव्हा डबी तिच्या खोलीची ऊब बंद करायची.

चौथा फरक मात्र हिशेबाचा राहिला नाही. डबी सकाळी दहा ते दुपारी चार घर बासष्टवर ठेवत होती. म्हणजे आपल्या हिशेबाने सतरालाही थोडं कमी. का, तर त्या वेळात घरात कोणी नसतं म्हणून. कोणी आहे की नाही हे डबी दोन प्रकारे ठरवत होती. घरच्या माणसांचे फोन घरात आहेत का, आणि डबीसमोरून कोणी येजा करतं का. ताई, भावोजी आणि भाचा यांचे फोन बाहेर. आईचा फोन इथून गेल्यावर कपाटात बंद. माझा फोन डबीच्या नोंदवहीत नाही. राहता राहिलं येणंजाणं. मी त्या वेळात सोफ्यावर लोळत असे, आणि लोळणं हा माझ्या मते पूर्णपणे वैध व्यवहार असला तरी डबी तो जमेस धरत नाही. आई आपल्या खोलीत खुर्चीवर. शाल, दोन स्वेटर, कानटोपी, मांडीवर पोथी.

भावोजींनी ते सगळं फोनवर आलेखात काढून दाखवलं. "बघ," ते मला म्हणाले, "डेटा अगदी स्पष्ट आहे. दहा ते चार घरात कोणी नाही."

आई समोरच वाटाणे सोलत बसली होती. तिने मान वर केली.

"मी असते की," ती म्हणाली. मग आम्हाला वाईट वाटू नये म्हणून लगेच पुढे म्हणाली, "पण तसं काही नाही. शाल आहे माझ्याकडे."

कोणी काही बोललं नाही. भावोजींनी फोन उलटा करून ठेवला.

मला त्या क्षणी आठवला तो आमच्या बँकेतला नोव्हेंबर. नोव्हेंबरमध्ये पेन्शनरांनी हयातीचा दाखला द्यायचा असतो. आपण जिवंत आहोत हे आजोबांनी स्वतः येऊन सांगायचं, सही करायची, अंगठा द्यायचा. २०१४ पासून हे यंत्रावरही करता येतं, पण झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र ओळखत नाही, तेव्हा आजोबा जिवंत असूनही यंत्र 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणतं. पुन्हा प्रयत्न करायचा म्हणजे पुन्हा जिवंत व्हायचं! दर वर्षी एखादे आजोबा मला विचारतात, "अहो, मागच्या आठवड्यात मी इथेच तुमच्याशी भांडून गेलो, तो कोण होतो?" या प्रश्नाला कागदोपत्री उत्तर नसतं.

खात्यांचंही तेच. खातेदाराने दोन वर्षं स्वतःहून काही व्यवहार केला नाही, की त्याचं खातं निष्क्रिय. बँकेने व्याज जमा केलं तर तो व्यवहार धरत नाहीत. माणसाने हललं पाहिजे. दहा वर्षं हलला नाही तर पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. तो निधी खास यासाठीच २०१४ साली काढलेला आहे. पैसे बुडत नाहीत, मालक आला तर परत मिळतात, ही चांगली गोष्ट. पण हललं नाही तर नाही, हा नियम बँकेत ठीक आहे, कारण तिथे फसवाफसवी होते. घरात तो कधीपासून लागू झाला?

आता डबीची बाजूही ऐकली पाहिजे. तिला शिकवलं काय होतं? जे करतात ते त्यांना हवं असतं. ही एक ओळ. ताई एका आठवड्यात ऑफिसच्या कामाने रात्री दोनपर्यंत जागली, तर डबीने ओळखलं, की या बाईंना जागरण आवडतं. भावोजी एकदा घाईत कडी जास्त फिरवून गेले, तर तीही त्यांची आवड. आणि आईने डबीला कधी हातच लावला नाही. म्हणजे आई समाधानी. आपण रोज लोकलमध्ये लटकून जातो, तेव्हा कोणी बाहेरून नोंद ठेवली तर काढील ना निष्कर्ष, की या माणसाला लटकायला आवडतं! तीस वर्षं अखंड लटकतोय, एक दिवस चुकवला नाही. सवयीला इच्छा समजलं, की असं होतं. आपल्या निम्म्या सवयी म्हणजे न मिळालेल्या गोष्टींशी केलेल्या तडजोडी असतात. त्या बघून बघून शिकणारा आपली तडजोडच पाठ करणार आणि रोज इमानाने आपल्याला परत देणार.

विचारणं आणि गृहीत धरणं यांत जो फरक आहे, त्याची दोन उदाहरणं याच डबीच्या इतिहासात आहेत. १९७७ सालच्या हिवाळ्यात अमेरिकेत गॅसची टंचाई झाली. २ फेब्रुवारीला अध्यक्ष जिमी कार्टर अंगात स्वेटर घालून दूरदर्शनवर आले आणि लोकांना म्हणाले, की दिवसा पासष्ट आणि रात्री पंचावन्नवर ठेवा, गॅस वाचेल. पंचावन्न म्हणजे आपलं तेरासुद्धा नाही. लोकांनी त्यांच्या स्वेटरची थट्टा केली. ज्यांना पटलं त्यांनी कडी फिरवली, ज्यांना नाही पटलं त्यांनी नाही. पण अध्यक्षांना विचारावं तरी लागलं, कारण कडी लोकांच्या हातात होती. आता दुसरं उदाहरण. ऑगस्ट २०२२ च्या अखेरीस कोलोरॅडो राज्यात भर उकाड्यात सुमारे बावीस हजार घरांतल्या लोकांनी आपल्या डब्यांचा आकडा खाली आणायला बोट लावलं, तर आकडा हलेना. वीज कंपनीने टंचाईमुळे त्या दिवशी दुरून कुलूप घातलं होतं. कंपनीचं काही चुकलं नव्हतं. लोकांनी पूर्वी कधीतरी शंभर डॉलर आणि पुढे वर्षाला पंचवीस डॉलर घेऊन तशी संमती दिलेली होती. बारीक अक्षरांतल्या कागदावर सही घेणं हाच माझा व्यवसाय असल्यामुळे मला त्या सह्या डोळ्यांपुढे दिसतात. माणूस सही करताना थंडगार खोलीत बसलेला असतो. उकाडा सहीनंतर येतो.

पण कोलोरॅडोच्या लोकांना निदान शंभर डॉलर मिळाले. आईची संमती आम्ही फुकट घेतली होती. ती गप्प होती, एवढ्यावर.

इथे एक अडचणीचा प्रश्न येतो आणि तो टाळून चालणार नाही. गप्प बसलेल्या माणसाची काहीच जबाबदारी नाही का? आईने पहिल्याच दिवशी "मला थंडी वाजते" एवढं म्हटलं असतं, तर ना वही, ना तारा, ना हा लेख. ताईने तिला हेच सुनावलं. "बोलायचं नाही आणि मग आम्ही वाईट ठरायचं!" हे ती रागावून म्हणाली, कारण तिला रडू येत होतं. ताईचं चूक नव्हतं. सोसणाऱ्या माणसाच्या चांगुलपणात दुसऱ्याला नकळत अपराधी करण्याची सोय असते. पण आईच्या पिढीतल्या बायकांना कुणी 'तुला काय हवं' असं विचारलंच कधी? मागून जेवायचं, उरलेलं घ्यायचं, पंख्याखालची जागा पुरुषांची. ज्या खात्यावर पन्नास वर्षं कोणी व्यवहारच करू दिला नाही, ते निष्क्रिय का, असं खातेदारालाच विचारायचं?

त्या संध्याकाळी भावोजींनी भाच्याचा हुकूम रद्द केला, स्वतःचं वेळापत्रक पुसलं, आणि घरात कोणी नाही असं ठरवण्याचा डबीचा अधिकारच काढून घेतला. दोन दिवसांनी तापमान मोजणारी एक छोटी चकती आणून त्यांनी आईच्या उशाशी लावली आणि डबीला बजावलं, की इथून पुढे स्वयंपाकघराकडे बघायचं नाही, या चकतीकडे बघायचं. मग फोन हातात घेऊन ते आईसमोर बसले. इतका मोठा इंजिनिअर, पण पेन्शनरांचा फॉर्म भरून देणाऱ्या आमच्या शिपायासारखा अदबीने.

"आई, तुम्हाला किती ठेवू?"

"तुम्हाला चालेल तेवढं."

हे उत्तर डबीला द्या आणि बघा ती काय करते. भावोजींनी काही केलं नाही. ते तसेच बसून राहिले. मग त्यांनी पुन्हा विचारलं, "आम्हाला काहीही चालेल. तुम्हाला कधी गार वाटतं?"

आईने बराच विचार केला. तिला आठवावं लागत होतं. मग म्हणाली, "पहाटे पाचला तेवढं जरा गरम असलं तर बघा. जपाला बसते तेव्हा बोटं वळत नाहीत. मणी पुढे सरकत नाही, मग मोजणी चुकते."

पहाटे पाच. या घरात पाचला कधीच कोणी उठत नव्हतं, म्हणून डबीने घर तापवायची वेळ साडेसहाची शिकलेली होती. आणि ती आणखी शंभर वर्षं आमच्याकडे बघत बसली असती तरी बोटं आणि मणी यांचा हा संबंध तिला कळला नसता. तो बघून कळण्यासारखा नाही. तो विचारावाच लागतो, आणि विचारल्यावर गप्प बसून ऐकावा लागतो. न सांगता ओळखण्याचं कौतुक मी आयुष्यभर ऐकत आलो. आता मला वाटतं, ओळखण्याचा आपल्याला फार गर्व झाला, की विचारणं बंद होतं. 'मी तिला पुरता ओळखतो' असं म्हणणारा नवरा आणि ती डबी यांच्यात फरक इतकाच, की डबीला सुधारायची चकती बाजारात मिळते.

बँकेत नोटा दोनदा मोजायची पद्धत आहे. एकदा यंत्राने, एकदा हाताने. यंत्र झटपट मोजतं, पण चिकटलेली नोट हाताला लागते. माणसाला काय हवंय हेही मी हल्ली दोनदा विचारतो. काउंटरवरही आणि घरीही. पहिलं उत्तर सवयीचं येतं, 'चालेल', 'असू दे', 'तुमच्या सोयीने'. दुसऱ्यांदा विचारून जरा थांबलं, की मागे चिकटलेलं खरं उत्तर सुटं होऊन येतं. रांग थोडी लांबते, साहेब काचेतून बघतात, पण हिशेब जुळतो.

दोनदाच विचारावं मात्र. परवा मी उत्साहात आईला तिसऱ्यांदा विचारलं, तर ती म्हणाली, "पंखा तीनवर ठेव, दिवा घालव, आणि जाऊन झोप. तुझ्यापेक्षा ती डबी बरी होती, निदान बोलत तरी नव्हती!"